आत्याची प्रार्थना आणि वडगावचा गूळ

मंगळवारी सकाळी आत्या गेली. दुपारी बाबांनी पेठ वडगावला निरोप पाठवला आणि संध्याकाळी आम्ही तिला माती दिली.

त्या दिवसापासून कोल्हापुरातून देवाकडे जाणारे आभार निम्म्यावर आले असतील, अशी माझी खात्री आहे. उरलेल्या निम्म्यात सगळं शहर आलं, देवळं, मशिदी, जैनांच्या बस्त्या आणि आमचं चर्च धरून. देवाकडे मागायला जाणारी माणसं इथं पुष्कळ आहेत आणि त्यात वावगं काही नाही, मीही मागते. पण मागायचं काही नसताना, नुसतं मिळालं एवढं कळवायला रोज देवाला गाठणारी, आणि मिळालेल्याचा तपशील जेवण निवेपर्यंत सांगत बसणारी दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणत. तिनं लग्न केलं नाही. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगची ती मेट्रन होती. बोर्डिंगच्या आवारातली घंटा केवळ शोभेची आहे असं बाबा म्हणत, कारण आत्यानं "पोरींनो" म्हणून हाक दिली की मुलीच काय, रस्त्यावरचे टांगेही थांबत. पांढरं नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर आणि पायांत पुरुषी घाटाच्या वहाणा अशी ती दिवेलागणीला मुलींना जेवू घालून राजारामपुरीत आमच्या घरी यायची. जेवायची आमच्याबरोबर. जेवणाआधीची प्रार्थनाही तीच करायची. हा हक्क तिला कुणी दिला नव्हता, आणि काढून घेण्याची कुणाची छाती नव्हती.

प्रार्थनेला ती अन्नापासून सुरुवात करी. भाकरीबद्दल आभार, म्हणून जोंधळ्याबद्दल. जोंधळ्याबद्दल, म्हणून पावसाबद्दल. मग दळण, जातं, जात्याला टाकी लावणारी बाई, त्या बाईचा नुकताच बरा झालेला नवरा. तिथून ती माणसांवर येई. बोर्डिंगच्या मुली, त्यांचे आईबाप, चर्चचे पाळकसाहेब, पाळकसाहेबांचा दमा रात्री उतरला म्हणून त्यांच्या उशीखालची औषधाची पुडी. आणि मग आमचे पूर्वज. आजोबा, आजी, आजीच्या माहेरची माणसं, ज्या मिशनरी बाईनं आजीला अक्षरं शिकवली ती, ज्या बैलगाडीतून ती बाई आली ती बैलगाडी. तांबड्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग आधी चमकायचा, मग थिजायचा, मग त्याच्यावर साय धरल्यासारखं व्हायचं, तेव्हा कुठं "आमेन" यायचं. बाबा एकदा कंटाळून म्हणाले, "अक्का, देवाला सगळं ठाऊक असतं. त्यालाच पुन्हा काय सांगायचं?"

आत्या घास मोडत म्हणाली, "त्याला ठाऊक हाय रं. पर आपल्याला ठाऊक हाय, हे त्याला कोण सांगणार?"

तिची प्रार्थनेची भाषा वेगळी होती. डोळे मिटले की ती मिशनच्या शाळेतली शुद्ध मराठी बोले. आमेन म्हटलं की पुन्हा वडगावची. प्रार्थनेत ती देवाकडे स्वतःसाठी काही मागत नसे, पण दुसऱ्यांच्या सुधारणेची जबाबदारी मात्र देवावर टाकत असे. एकदा तिचे डोळे मिटलेले असताना मटणाच्या भांड्यापाशी मांजर आलं. आत्या त्या वेळी आजीच्या माहेरपर्यंत पोचली होती. सूर न बदलता ती म्हणाली, "आणि हे दयाळू बापा, त्या मांजराला हाकलण्याची बुद्धी या घरातल्या कोणाला तरी दे." मी उठले. बोर्डिंगला दूध घालणाऱ्या गवळ्याला तर ती समोर उभं करून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. त्याच्याबद्दल आभार, त्याच्या बायकामुलांबद्दल आभार, आणि शेवटी, "त्याच्या म्हशींची तहान जरा कमी कर." गवळी टोपी काढून ऐकायचा. त्याला ख्रिस्ती धर्मात गोडी नव्हती, पण तो आईला सांगून गेला, "मेट्रनबाईंनी शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं. शिव्यांची सवय हाय आपल्याला."

या सगळ्या आभारांत एक नाव मला लहानपणापासून खुपायचं. ते आजोबांच्या थोरल्या भावाचं. आजोबा वडगावच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले आणि तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी थोरल्या भावानं त्यांचं अंथरूण उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं. आजोबांनी वाटा मागितला नाही, भांडले नाहीत. अंथरूण काखेत मारून चालत कोल्हापूरला आले आणि मिशनच्या शाळेत मास्तर झाले. ते पुन्हा त्या घरात गेले नाहीत. आणि आत्या, ज्यानं दार लावलं त्याचंच नाव घेऊन रोज देवाचे आभार मानायची. मी कॉलेजात होते तेव्हा मी तिला विचारलं, हे कशासाठी.

"त्यानं भाईर काढलं नसतं तर मी आज शेणात हात घालून बसले आसते," आत्या म्हणाली. "तू कॉलेजात गेली आसतीस व्हय? सांग की. आन् घर त्याचंबी हुतं, आमच्या बाचंबी हुतं. ज्यानं काढलं त्यो परका हुता का?"

मग तिनं आवाज खाली आणला. हळू बोलणारी आत्या आमच्या घरात कुणाला फारशी माहीत नव्हती. "आमचा बा जिथं रांगला तिथं बसून एकदा भाकरी खायची हाय मला," ती म्हणाली. "बाकी काय नगं." हे तिनं प्रार्थनेत कधी म्हटलं नाही. मागायचं नाही हा तिचा नियम होता, आणि तो तिनं स्वतःपुरता कडक पाळला.

पण वाट पाहायची तिची एक रीत होती. आमच्या चर्चच्या मंडळीत सुगीनंतर कापणीचा सण होतो. ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं पहिलं पीक आणून चर्चमध्ये व्यासपीठापुढे ठेवायचं, आभाराची उपासना व्हायची, आणि मग बाहेर झाडाखाली त्या वस्तूंचा लिलाव. कणसं, कोहळे, शेंगा, कोंबड्या. शहरात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना शेत कुठलं असणार? आम्ही परसातल्या मिरच्या ठेवायचो. आत्या मात्र दर वर्षी गुळाची ढेप ठेवायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "वडगावच्या आमच्या शेतातला."

मंडळीच्या पंचांत एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना खोटं खपत नसे, आणि शब्दाशब्दाचा हिशेब ठेवायची त्यांना सवय होती. त्यांनी एकदा आत्याला चर्चच्या पायरीवरच अडवलं. म्हणाले, "बाई, अर्पण स्वतःच्या पिकाचं असावं. ते शेत तुमचं नाही. तुमचे चुलते तुम्हाला ओळखही देत नाहीत."

"व्हय, देत न्हाईत."

"मग त्यांच्या शेतातला गूळ तुम्ही का ठेवता?"

"ते येऊन ठेवणार हायत का?" आत्यानं विचारलं. "न्हाईत न्हवं? मग त्यांच्या वतीनं कुणी ठेवायचा, तुमी?"

हेडमास्तर बाजूला झाले. लिलावात ती ढेप त्यांनीच घेतली.

हा गूळ आत्या कुठून आणते, हे मला संस्थान विलीन व्हायच्या आदल्या हिवाळ्यात कळलं, कारण त्या वर्षी तिनं मला बरोबर नेलं. वडगावच्या मोटारीतून उतरून आम्ही गावात न शिरता शेताच्या वाटेनं निघालो. आमच्या भागात गुऱ्हाळाची एक पद्धत आहे. ऊस गाळायला लागला की वाटेनं जाणारा कुणीही, ओळखीचा असो वा परका, गुऱ्हाळावर वळू शकतो. त्याला प्यायला रस द्यायचा, चाखायला काकवी द्यायची, आणि निघताना हातावर गूळ ठेवायचा. रिकाम्या हातानं कुणी परत गेलं तर गुऱ्हाळाला बरकत येत नाही, असं मानतात. थोरल्या आजोबांच्या घराला दार होतं, ते बंद होतं. त्यांच्या गुऱ्हाळाला दार नव्हतं. आत्या तिथं जायची.

थोरले आजोबा तोवर वारले होते. आता त्यांचा मुलगा गुऱ्हाळ चालवत होता, म्हणजे आत्याचा चुलतभाऊ. आत्या त्यांना दादा म्हणायची, पण मागं. समोर काय चालायचं ते मी त्या दिवशी पाहिलं. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, चिपाडांच्या जाळाची धग अंगावर येत होती, आणि मिशाळ, उंच दादा काहिलीतल्या फेसाकडं पाहत उभे होते. त्यांनी आमच्याकडं मान वळवली नाही.

"पावणं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"कोल्हापूरचं," आत्या म्हणाली.

"कुणीकडं निघालाय?"

"हितनं फुडं."

"बसा की." आणि मग गूळ रांधणाऱ्या गड्याला, "पावण्यांस्नी रस दे रं."

आम्ही चिपाडांच्या ढिगावर बसून रस प्यालो. पुढचं सगळं बोलणं त्या गड्यामार्फत झालं. आत्या गड्याला म्हणाली, "इचार, घाण्याला तांबडा बैल दिसंना औंदा." दादा हातभर अंतरावर उभे. ते गड्याला म्हणाले, "सांग, म्हातारा झाला हुता, गेला." आत्या गड्याला म्हणाली, "इचार, घरात समदी बरी हायत का." दादा म्हणाले, "सांग, बरी हायत. थोरलीला पोरगं झालं." तो गडी बिचारा एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता, बोलायची त्याला गरजच पडत नव्हती. मध्येच दोन वाटसरू आले. त्यांना रस मिळाला, आणि निघताना पानावर लिंबाएवढा गूळ. आम्ही उठलो तेव्हा दादांनी छपरातून तागाच्या कापडात बांधलेली ढेप आणून आत्याच्या पायाशी ठेवली. सोन्यासारखा पिवळा, खड्याचा गूळ. तो उचलायला आम्हा दोघींना मिळून जड गेला.

"लई हाय की ह्यो," आत्या म्हणाली, गड्याला.

"सांग, पद्धत हाय," दादा म्हणाले. "पावणं रिकामं जाऊ ने."

परतताना मोटारीत आत्या त्या ढेपेवर हात ठेवून बसली होती. मी म्हटलं, आत्या, तुम्ही दोघं एकमेकांना चांगलं ओळखता. ती म्हणाली, "ओळखतो की. पर ओळख दावली तर त्याला हाकलावं लागंल. कशापायी बिचाऱ्याला आडचणीत घालायचं?"

असं बरीच वर्षं चाललं. मी शिक्षिका झाले, बाबा निवृत्त झाले, आत्याचे गुडघे धरायला लागले, पण हिवाळा आला की ती वडगावला जायची आणि गूळ घेऊन यायची. मग साखर कारखाना निघाला. शेतकऱ्यांचा ऊस तिकडं जाऊ लागला, एकेक गुऱ्हाळ बंद व्हायला लागलं. शाहूपुरीच्या गूळबाजारातल्या एका हमालानं आत्याला सांगितलं की तिच्या वडगावकरांनीही औंदा घाणा लावला नाही, काहील विकली.

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडं आली, पाटावर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बापा, या अन्नाबद्दल आभार. आमेन." आम्ही एकमेकांकडं पाहिलं. रश्श्यातून वाफ निघत होती. तो सगळा आठवडा आम्ही गरम जेवलो, आणि कुणाला चव लागली नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "अक्का, असं करू नकोस. पूर्ण म्हण."

"काय म्हनू?" आत्या म्हणाली. "एक जागा हुती, तितं जाऊन हुभं ऱ्हायला येत हुतं. आता कुठल्या तोंडानं जायाचं? गुऱ्हाळावर पावणं जातं. घरावर कोण जातं?"

पण कापणीचा सण जवळ आला तशी ती अस्वस्थ झाली, आणि एका सकाळी आमच्या दारात येऊन मला म्हणाली, "चल. गुऱ्हाळ न्हाय तर दार तरी हाय."

बाबा घाबरले. "अक्का, दारात उभं केलं तर?"

"तर हुभी ऱ्हाईन. गुडघं दुखत्यात, मोडल्यात व्हय?"

गुऱ्हाळाच्या जागी राखेनं भरलेला खड्डा होता. आत्या तिथं थांबली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती आजोबांच्या घरासमोर उभी राहिली, आणि मी तिच्या मागे. दादा सोप्यात बसले होते. मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या. आम्हाला पाहून ते उठले आणि पुन्हा बसले.

"गुऱ्हाळ बंद हाय," ते म्हणाले. मध्ये गडी नव्हता, त्यामुळे ते खांबाला उद्देशून म्हणाले.

"व्हय. बघितलं."

"गूळ न्हाय औंदा."

"गुळाला न्हाय आले," आत्या म्हणाली.

मग पहिल्यांदा दादांनी तिच्याकडं पाहिलं. "मला 'आत ये' म्हणता येत न्हाय," ते म्हणाले. "बानं मरताना हातावर हात मारून घेतलाय. तुला ठाऊक न्हाय."

"आसू दे," आत्या म्हणाली. "मी काय म्हनले का?"

एवढ्यात आतून दादांची बायको आली, आत्याची वहिनी. हात पिठानं भरलेले. बुटकी, बारीक बाई. त्यापूर्वी मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग आत्याकडं.

"बापाला शब्द तुमी दिलासा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी न्हाय दिला. मला कुणी इचारलंबी न्हाय." आणि आत्याकडं वळून, "या वो वन्सं आत. उन्हात किती येळ हुभ्या?"

वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण. आत्याला त्या घरातून कुठल्याच नात्यानं उभ्या जन्मात कुणी हाक मारली नव्हती. टांगे थांबवणारा तिचा आवाज त्या वेळी कुठं गेला कोण जाणे. तिनं वहाणा काढल्या आणि माझा हात धरून उंबरा ओलांडला. दादा खांबाकडं पाहत राहिले. त्यांनी ये म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही.

वहिनीनं चुलीजवळ पाट मांडले. भाकरी, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. ताटं वाढली तशी मला धास्ती वाटली. आत्यानं इथं डोळे मिटले तर? या घरात, या चुलीपुढं, येशूचं नाव? आत्यानं डोळे मिटले. वहिनी क्षणभर बघत राहिली, आणि मग पाहुणीची रीत म्हणून तिनंही पिठाचे हात जोडले. आत्या तिच्या शुद्ध मराठीत भाकरीपासून निघाली. जोंधळा, पाऊस, ती चूल, ज्यांनी रांधलं ते हात. मग आजोबा. मग आजोबांचे थोरले भाऊ, दादांचे वडील, त्यांचं नाव स्पष्ट घेऊन, "ज्यांनी हे घर राखलं, त्यांच्याबद्दल." सोप्यातली हालचाल थांबल्यासारखी वाटली. मग त्या दोघा भावांचे वडील. तिथं आत्या संपली; त्यापलीकडचं तिला कधीच ठाऊक नव्हतं.

"आन् त्यांचा बा?" सोप्यातून दादांचा आवाज आला.

आत्या डोळे मिटूनच म्हणाली, "न्हाय ठाऊक मला." प्रार्थनेच्या मध्ये वडगावची भाषा तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

दादांनी नाव सांगितलं. मग त्याच्याही बापाचं सांगितलं. "त्यानं ही हीर खांदली," ते म्हणाले. "घे त्याचं नाव." आत्यानं घेतलं. विहिरीबद्दल आभार मानले, विहिरीच्या पाण्याबद्दल, त्या पाण्यावर वाढलेल्या सगळ्यांबद्दल, "या घरातल्या आणि घराबाहेरच्या." बराच वेळ झाला, तेव्हा दादा सोप्यातून म्हणाले, "आता जेवू दे त्या पोरीला. भाकरी वातड झाली."

आत्यानं आमेन म्हटलं आणि भाकरी मोडली. रडत नव्हती, नेहमीसारखी जेवली, आणि चटणी मागून घेतली.

निघताना वहिनीनं परड्यातला भोपळा दिला. कापणीच्या सणाला तो व्यासपीठापुढे ठेवताना आत्यानं काहीच जाहीर केलं नाही, म्हणून हेडमास्तरांनी विचारलं, "हे अर्पण कुणाकडून, बाई?" ती म्हणाली, "माझ्या वहिनीकडनं." त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर आत्या फार दिवस राहिली नाही. बोर्डिंगमध्येच गेली, सकाळी, मुलींना अंघोळीला पाठवून. कबरस्थानात वडगावची मंडळी उशिरा पोचली. दादा गर्दीतून पुढं आले आणि बाबांना हळूच म्हणाले, "तुमच्यात काय करत्यात?" बाबांनी सांगितलं, प्रत्येकानं मूठभर माती टाकायची. "एवढंच व्हय?" दादा म्हणाले, आणि वाकले. नंतर पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत वहिनी शेवटपर्यंत हात जोडून उभी होती.

मी या घराण्याचा विचार करते तेव्हा मला कुणाचा राग आठवत नाही. आजोबांना विश्वास मिळाला, आम्हाला शाळा मिळाली, आणि ज्या मातीतून आम्ही उठलो तिची ओळख आत्यानं परत मिळवून दिली. त्यासाठी ती भांडली नाही. नुसती जात राहिली.

आता बाबा महिन्या-दीड महिन्यानं वडगावला जातात, सुट्टी असेल तर मीही जाते. दादा सोप्यात असतात. ते अजून "आत या" म्हणत नाहीत. वहिनी म्हणते, आणि आम्ही आत जातो.